कुंकवावर फोडलेलं खापर

मंडळी, आज खंडेनवमी. एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत सकाळीच चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडून दिले. फाइल इकडून तिकडं गेली, प्रिंट निघाली, सगळं बराबर.

मंग पूजा. ऑफिसातल्या सुनीताताईंनी मॉनिटरला हार घातले. सगळ्या केबली ज्या डब्यात येतात त्या स्विचला हळदकुंकू लावलं. पुढं लागंल म्हणून ठेवलेली एक जास्तीची केबल तिथं लोंबत होती. पूजेत बरं दिसत न्हाई म्हणून मीच तिचं टोक स्विचच्या रिकाम्या जागेत खोचलं.

आरती संपली अन् सगळं नेटवर्क बंद!

"ताई, कुंकू गेलं ना आत! हा काय देव्हारा हाय का?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. मालकही त्यांच्याकडं बघायला लागले. ताई पदरानं स्विच पुसत राह्यल्या.

मंग मी एकेक केबल तपासली. मी खोचलेल्या केबलचं दुसरं टोकही त्याच स्विचमधी होतं. डेटा आतल्या आत गोल फिरून सगळी लाइन जाम झाल्ती. केबल गुपचूप उपसली. जल्दी चालू झालं.

"काय झाल्तं?" मालकांनी विचारलं.

"साफ केलं," एवढंच बोललो.

ताईंनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "चुकलं दादा. पुढच्या वर्षी लांबूनच हात जोडीन."

उद्या दसरा. सोनं द्यायला सगळे ऑफिसात जमणार, मलाही बोलावलंय. मंडळी, ओरडलो सगळ्यांसमोर, मंग माफी एकट्यात मागून चालंल का?