कशावरून?

मी न्यायशास्त्र शिकवतो. धूर दिसला तर विस्तव आहे म्हणावं, नाही दिसला तर तोंड मिटून बसावं, एवढंच जन्मभर सांगत आलो. पेठेत त्यामुळे मी वीट आणणारा माणूस म्हणून प्रसिद्ध. कुणी नुसतं "बरं चाललंय" म्हणालं तरी मी विचारणार, कशावरून?

जावई फौजेबरोबर उत्तरेत गेले ते परतलेच नाहीत. प्रेत कुणी पाहिलं नाही, निरोपही नाही. मुलगी माझ्याकडे येऊन राहिली. शेजारीपाजारी आधी हळहळले, मग कंटाळले. लोकांना दुसऱ्याचं दुःख चालतं, पण त्याचा निकाल लागलेला हवा असतो. ज्यांनी कधी मुठा ओलांडली नाही, त्यांना रणांगणाची खडान्खडा माहिती. आणि मला मात्र एका जागी बसवत नव्हतं. शिष्यांना पाठ देतानाही मी उठून दारापर्यंत जाऊन यायचो.

एके सकाळी पेठेतले वडीलधारे ओसरीवर येऊन बसले. "शास्त्रीबुवा, आता गवताचा पुतळा करून दहन उरकून घ्या. तिनं कुंकू लावून हौदावर यावं, हे बरं दिसत नाही." पुढचं कुणी बोललं नाही. न्हावी बोलवायचा, तिचे केस उतरवायचे, अलवण नेसवून तिला कोपऱ्यात बसवायचं.

"जावई गेले, हे कशावरून?" मी विचारलं.

"मग आहेत, हे तरी कशावरून?" एकजण शांतपणे म्हणाला. "तुम्हीच शिकवता ना?"

माझं अंग रागानं नुसतं जळत होतं. मी म्हणालो, "जावई जिवंत आहेत. मला पक्कं कळलंय. उठा आता."

कशावरून, असं कुणीही विचारलं नाही. जन्मभर पुराव्याशिवाय न बोलल्याचं मला एवढंच फळ मिळालं. मंडळी पागोटी सावरत निघून गेली. खोटं म्हणायचं त्यानं खुशाल म्हणावं, मी पुन्हा हेच बोलेन.

पण माजघराच्या दाराआड मुलगी उभी होती. ती बाहेर आली ती हसतच. सुखाची व्याख्या मी कित्येक शिष्यांकडून घोकून घेतली आहे. ते समोर येऊन उभं राहिलं तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना.

"अप्पा, तुम्ही कधी उगीच बोलत नाही," ती म्हणाली. निरोप कुणी आणला, तेही तिनं विचारलं नाही.

तेव्हापासून ती रोज जेवणाला एक पान जास्त मांडते. दाराची कडी वाजली की तिच्याआधी मी धावतो.