दसऱ्याचं लिंबू आणि थंड इंजिन

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक लाल गाडी उभी असते. दोन दारांची, जमिनीला पोट टेकल्यासारखी. तिच्या इंजिनात पिस्टन नाही. ही गोष्ट नवऱ्याने मला पहिल्या दिवशी इतक्या अभिमानाने सांगितली की पिस्टन नसणं हा मोठा गुण असावा असं मला वाटलं.

त्याच्या कंपनीतले एक परदेशी साहेब मायदेशी परतताना ती विकून गेले. नवरा आयुष्यभर टूलरूममध्ये मायक्रॉनच्या हिशेबात काम केलेला माणूस. त्याने त्या इंजिनाचं चित्र मला कागदावर काढून दाखवलं. अंड्यासारखी पोकळी आणि तिच्यात गरगर फिरणारा एक त्रिकोण. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना धातूच्या पातळ पट्ट्या. त्या पट्ट्या भिंतीला चिकटून फिरल्या तरच इंजिनात दाब तयार होतो, आणि त्या चिकटून राहाव्यात म्हणून इंजिन स्वतःहून थोडं थोडं तेल पितं.

"म्हणजे तेल गळतं?" मी विचारलं.

"गळत नाही. पितं. तशीच रचना आहे."

मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत देखभालीचं नियोजन बघते. कुठलं मशीन कधी थांबवायचं, कुठला पट्टा कधी बदलायचा, हे महिनाभर आधी माझ्या तक्त्यात असतं. आमच्याकडे तेल पिणाऱ्या मशीनला दोष आहे म्हणून लाल कार्ड लागतं. घरी मात्र असं मशीन कव्हर घालून, पिसाने पुसून ठेवलं होतं.

मग मी जे करते तेच केलं. यादी केली. दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना तेल बघणे. प्लग आणि कॉइल वेळेआधीच बदलणे. बॅटरी कायम भरलेली ठेवणे. आठवड्यातून एकदा इंजिन मोकळ्या रस्त्यावर जोरात पळवणे, नाहीतर आत काजळी धरते. चाकणच्या चौकात मोकळा रस्ता आठवड्यातून एकदा कुठून आणायचा, हे यादीत लिहिता आलं नाही. रविवारी पहाटे नवरा रावेतकडून द्रुतगती मार्गाला लागायचा आणि परत येऊन सांगायचा, "आज मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत फिरलं." जणू मुलगी पहिली आली होती.

यादीतला सगळ्यात महत्त्वाचा नियम मी लेबल छापून चालकाच्या बाजूला चिकटवला होता: थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करू नये. सुरू केलं की पूर्ण तापू द्यायचं, मगच बंद. नाहीतर आत गेलेलं जादा पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, पट्ट्या सैल पडतात, दाब जातो, आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. दोन वेळा हे घडलं होतं. एकदा टँकरला वाट देण्यासाठी गाडी चार फूट मागे घेतली म्हणून, एकदा धुण्यासाठी उन्हात काढली म्हणून. दोन्ही वेळा अख्खा रविवार गेला, आणि दुसऱ्यांदा मी दुरुस्तीच्या पायऱ्याही लिहून लॅमिनेट करून घेतल्या.

गेल्या पावसाळ्यात ती तळेगाव फाट्यावर बंद पडली. मागून ट्रकवाल्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी आल्यावर मी एक करार लिहिला. गाडीला पंधरा वर्षं होत होती, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला न्यायची होती, आणि तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिळाली होती. त्या दिवशी सकाळी दहाला ती स्वतःच्या इंजिनावर तिथे पोहोचली तर राहील. नाही पोहोचली तर नाशिकचा एक गृहस्थ सुट्या भागांसाठी मागत होता, त्याला द्यायची. नवऱ्याने दोनदा वाचून सही केली. कागद मी कपाटाच्या दाराला आतून लावला.

पुढचे दोन महिने तो त्या गाडीशी जितकं बोलला तितकं माझ्याशी वर्षभरात बोलला नसेल.

दसऱ्याच्या सकाळी तो पिंपरीच्या मार्केटला झेंडू आणायला गेला आणि गर्दीत अडकला. सासूबाई मावळातल्या. पूजेचं ताट घेऊन त्या अकरापासून खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. माझी स्कूटर झाली, दिराची मोटरसायकल झाली. उरली लाल.

"आई, हे आल्यावर करू ना."

"त्यो येईस्तवर मुहूर्त थांबतोय व्हय? ठेव लिंबू."

हळदकुंकू झालं, नारळ वाढवला, पुढच्या डाव्या चाकाखाली लिंबू ठेवलं. आता चाक त्यावरून जायला हवं. आमच्या कंपनीत खंडेनवमीला हेच करतात: मशीनला हार घालायचा, एकदा फिरवायचं, बंद करायचं. माझे वडीलही पिंपरीच्या कारखान्यात हेच करत. हे हाताला इतकं पाठ झालेलं आहे की डोक्याला विचारावं लागत नाही. मी वरून किल्ली आणली, गाडी सुरू केली, हातभर पुढे घेतली. लिंबू फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "झालं गं बाई." मी बंद केली.

किल्ली बाहेर काढताना समोर माझंच लेबल होतं.

मी लगेच पुन्हा सुरू करून बघितली. इंजिनाचा आवाज एरवी ठोके पडल्यासारखा येतो. आता नुसतं सरसर फिरत होतं, मिक्सरच्या रिकाम्या भांड्यासारखं. मी गाडी ढकलून जागेवर लावली, लिंबाची साल उचलली, फरशीवरचा डाग ओल्या फडक्याने पुसला. डाग पुसणं ही माझी सवय आहे, असं मी स्वतःला सांगितलं. सासूबाई वर जाऊन आडव्या झाल्या होत्या.

नवरा आला. गाडीला हार घातला आणि उद्याची तयारी म्हणून ती तापवायला बसला. सरसर. पुन्हा सरसर.

"पट्ट्या गेल्या वाटतं," तो म्हणाला. "काल चांगली चालली होती. एका रात्रीत गेल्या." मग दार उघडून बाहेर आला. "नाशिकवाल्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

आहे म्हणायचं होतं. फोन हातातच होता. मला हवी होती ती पार्किंगची जागा, हवे होते ते रविवार, सगळं एका शब्दावर आलं होतं, आणि करारावर त्याची सही होती. पण कपाटावरचा कागद मी लिहिला होता, आणि चुकीची नोंद मी आजवर कुठल्या तक्त्यात ठेवलेली नाही.

"पट्ट्या गेल्या नाहीत," मी म्हणाले. "मी सुरू केली होती. लिंबासाठी. लगेच बंद केली."

"लेबल कोणी लावलंय?"

"मी."

"वाचता येतं ना?"

मी रागाची वाट बघत होते. तो हसायला लागला. इंजिन मेलं नव्हतं, नुसतं बायकोने पेट्रोलमध्ये बुडवलं होतं, आणि याचा त्याला एवढा आनंद झाला की मला दुपटीने चीड आली. "अगं, मग आण तुझी यादी," तो म्हणाला.

मी लॅमिनेट केलेला कागद आणला आणि पायऱ्या वाचत गेले. पेट्रोलचा फ्यूज काढला. प्लगपर्यंत हात जावा म्हणून पुढचं डावं चाक काढलं. टायरच्या खाचेत लिंबाची बी होती. ती त्याने माझ्या हातावर ठेवली. चार प्लग काढून पुसले. इंजिन रिकामं फिरवून पेट्रोल बाहेर फेकलं. भोकांतून चमचा चमचा तेल घातलं, सगळं परत लावलं. तोवर बॅटरी बसली होती, म्हणून शेजारच्यांच्या गाडीची तार जोडावी लागली. शेजारी म्हणाले, "राव, सणाच्या दिवशी तरी विश्रांती द्या तिला." पाचव्या प्रयत्नाला ठोके आले आणि पार्किंगभर असा पांढरा धूर झाला की दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडून विचारलं, काय पेटलंय. आता वीस मिनिटं बंद करायची नव्हती. नव्या साडीला तेलाचे हात लागले होते, तशीच मी त्याच्या शेजारी बसले आणि आम्ही रावेतपर्यंत जाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी ती दहाला दहा मिनिटं कमी असताना तपासणीला पोहोचली. पासही झाली. करार मी कपाटावरून काढला.

यादीत एक ओळ वाढवली: पूजेला लिंबू गाडीवरून नुसते ओवाळावे. सासूबाईंना वाचून दाखवली.

"फुटल्याबिगर पूजा न्हाई," त्या म्हणाल्या.

ती ओळ खोडावी लागली. यंदाच्या दसऱ्याला किल्ली कपाटात होती, गाडी न्यूट्रलवर. नवरा, दीर आणि मी मागून ढकलत होतो, सासूबाई पुढे उभ्या राहून चाकाकडे बघत होत्या. पहिल्या वेळी लिंबू निसटून बाजूला गेलं.

"मागं घ्या," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा."