बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही

१९९७च्या फेब्रुवारीत, एका बुधवारी सकाळी, नाशिकला रामकुंडावर माझ्या चार वर्षांच्या मुलीने आपली आई मेली असे ठरवले. त्या वेळी तिची आई शालिमारजवळच्या एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. ती जिवंत होती. मुलीला हे पटायला शुक्रवार उजाडला.

आम्ही जळगावचे. मी तिथे एका दैनिकात उपसंपादक होतो. बायकोच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि जळगावच्या डॉक्टरांनी तिला नाशिकला पाठवले होते. तारीख पुढे ढकलता येण्यासारखी नव्हती. माझ्या वडिलांचे तेरावे नुकतेच झाले होते. घरात आई भिंतीला टेकून बसलेली असे, भेटायला येणाऱ्या बायका दारातूनच गळा काढत आणि मुलीने त्या घरात जेवण जवळजवळ सोडले होते. म्हणून तिला सोबत आणले. बायकोची धाकटी बहीणही आली. ती रुग्णाजवळ थांबणार आणि मी मुलीला घेऊन शहर दाखवणार, असे ठरले होते.

माझ्या डोक्यावरचे केस दहाव्याला काढलेले होते. त्यावर आता खुंट आले होते.

मुलीने दहावा पाहिला होता. तिला ठेवायला कोणी नव्हते, म्हणून ती आमच्याबरोबर गिरणेच्या काठी आली होती. कावळा पिंडाला शिवत नव्हता. एकेक जण हात जोडून वडिलांना शब्द देत होता. घराचे काम पुरे करू, आईला अंतर देणार नाही. कावळा बाभळीवरून हलला नाही. शेवटी माझे थोरले काका म्हणाले, "नातीची काळजी करू नको. तिला आम्ही शिकवू." तेवढ्यात कावळा उतरला. सगळ्यांनी मुलीकडे पाहिले. काकांनी तिला उचलून घेतले आणि सांगितले, "तुझ्यासाठी थांबला होता गं तो."

वारण्याआधीचा आठवडाभर वडील इस्पितळात होते. तिथेही मुलीला आत सोडत नसत. रोज संध्याकाळी आम्ही तिला सांगत होतो की आजोबा झोपलेत, उद्या भेटतील.

बुधवारी सकाळी नाशिकच्या रुग्णालयाच्या दारात खाकी शर्टातला रखवालदार स्टूल टाकून बसला होता. त्याने मुलीपुढे काठी आडवी धरली.

"लेकरू आत नाय."

"आईला एकदा बघेल आणि येईल," मी म्हणालो. "ऑपरेशनला न्यायच्या आधी."

"पाटी वाचा साहेब. बारा वर्षांखालील."

मेव्हणी जिन्यावरून ओरडली, "भाऊजी, नेलं तिला. तुम्ही पोरीला घेऊन जा आता. रडवू नका इथं."

मी मुलीला सांगितले की आई उद्या भेटेल. तिने माझ्याकडे पाहिले.

आम्ही मेन रोडने निघालो. दुकाने उघडत होती. दारात पाणी मारणाऱ्या एका नोकराने आमच्या पायांवर पाणी मारले आणि वर आम्हालाच म्हणाला, "दिसत नाही का?" एका हातगाडीवर निफाडची द्राक्षे होती. मुलीने एक मणी उचलला. गाडीवाल्याने तो तिच्या हातातून काढून घेतला. "चाखायला नाय. घ्यायची तर घ्या." मी पाव किलो घेतली. मुलीने एकही खाल्ले नाही. भांडी बाजारात तांब्याच्या घंगाळांची उतरंड लावलेली होती. तिने सगळ्यात खालच्या घंगाळात आपले तोंड पाहिले. आतून मालकाचा आवाज आला. "ओ पाहुणे, पोरगी आवरा. पोचा पडला तर घरी न्यावं लागेल."

उतारावरून आम्ही घाटावर आलो. बुधवारचा बाजार भरत होता. ताडपत्र्यांवर मिरच्या, लसणाचे ढीग, जुने कपडे. नदीत उभा असलेला दुतोंड्या मारुती तिला दाखवायचा होता. त्यासाठी मी तिला तिकडे नेले. लहानपणी मला त्या मारुतीची भीती वाटत असे आणि तिला त्याची गंमत वाटेल असा माझा अंदाज होता.

मारुतीपर्यंत पोचायच्या आत एक माणूस आडवा आला. धोतर, खांद्यावर उपरणे, पायात रबरी स्लिपर.

"दहावा का यजमान? कुठलं गाव?"

"दहावा झाला. आम्ही फिरायला आलोय."

त्याने माझ्या डोक्याकडे पाहिले. "असं डोकं घेऊन रामकुंडावर कोणी फिरायला येत नाही. आडनाव सांगा. तुमच्या गावचे गुरुजी कोण ते मी दाखवतो. अस्थी पिशवीत आहेत का?"

पिशवीत द्राक्षे होती. मी पुढे झालो. तो मागून येत राहिला. दुसरा आला, तोही तेच विचारू लागला. दोघांचे आपसांत वाजले. "मी आधी धरलंय त्यांना." "तुझ्या बापाचे आहेत का?"

पायऱ्यांवर द्रोणातले दिवे विकणारी एक म्हातारी बसली होती. तिने आमच्याकडे पाहिले. पुरुष एकटा, डोके भादरलेले, कडेवर मुलगी, मुलीच्या वेण्या वाकड्या. तिने आपला अंदाज बांधला.

"माय गेली का रं पोरीची? लय लहान हाय रं बाबा."

"नाही हो आजी. आई बरी आहे तिची."

"सांगू नका तिला," म्हातारी समजूतदारपणे म्हणाली. "समजू नये तेच बरं." आणि मुलीच्या गालावरून हात फिरवून तिने बोटे मोडली.

मुलगी कडेवरून उतरली. तिने कुंडाच्या काठाकडे पाहिले. तिथे सहा-सात पुरुष उभे होते, लासलगावकडचे असावेत. पत्रावळीवर पिंड ठेवला होता. कठड्यावर कावळा होता.

"बाबा, हा आईचा कावळा आहे?"

मी नाही म्हणालो. मी म्हणालो की आई दवाखान्यात आहे, झोपली आहे, उद्या भेटेल. ते वाक्य संपायच्या आत ती धावली.

त्या लोकांपैकी एक जण हात जोडून बोलत होता. "आबा, धाकट्याचं लगीन यंदाच लावतो. आता हट नको." कावळा कठड्यावरून पायरीवर उतरला. पिंडापासून तो हातभर अंतरावर होता. मुलगी कावळा आणि पिंड यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने ओरडली, "आई, मी त्रास देणार नाही! मी जेवीन! मी रोज जेवीन!"

कावळा उडाला आणि नदीपलीकडे गेला.

"अरे कोणाचं पोर हे?" बोलणारा माणूस वळला. "सकाळपासून उभे आहोत इथं! आत्ता उतरला होता!"

"हा बघा बाप. डोकं भादरून आलाय आन् पोरगी मोकळी सोडलीय."

त्यांच्यातला एक वयस्कर माणूस मध्ये पडला. "ओरडू नका रे. आई गेलीय तिची."

"गेलेली नाही," मी म्हणालो. "ऑपरेशन चालू आहे तिचं."

"मग डोकं कशाला भादरलंय?"

"वडील वारले."

"मग ती आई-आई काय करतीय?" बोलणारा आता माझ्या छातीजवळ आला होता. "जित्या बाईला हाका मारल्या? आमच्या आबाच्या पिंडापाशी? काय राव, तुम्हाला काही कळतं का? तुमच्या बायकोचं तुम्ही बघा, पण आमचा आबा का अडवला?"

त्याने मला ढकलले नाही. खांद्याने बाजूला केले. मुलीचा दंड धरून मी तिला ओढले, तर ती पायरीवर बसली. उठेना.

त्यांनी आणखी काही वेळ वाट पाहिली. कावळा आला नाही. त्यांचे गुरुजी घाईत होते. त्यांना पुढचे काम होते. त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. कावळा आला नाही तर तसे करतात. मुलगी नजर न हलवता पाहत होती. दर्भ पिंडाला लागला तेव्हा तिचे रडणे थांबले.

"झालं," ती म्हणाली.

त्यानंतर तिने हाताला धरू दिले. पण मारुती पाहायला ती आली नाही.

मी तिला रिक्षाने परत रुग्णालयात नेले. आता तिला आई दाखवणे एवढेच काम उरले होते. रखवालदाराने पुन्हा काठी आडवी धरली. मी त्याला रामकुंडावर काय झाले ते थोडक्यात सांगितले. तो म्हणाला, "म्हणून तर लेकरं सोडत नाय. घाबरतात." मी वर्तमानपत्राचे ओळखपत्र दाखवले. ते त्याने दोन्ही बाजूंनी पाहिले.

"पत्रकार का? मग पाटी वाचता येत असंल."

दाराजवळच्या बाकावर बसलेले दोघे हसले.

मेव्हणी खाली आली. शस्त्रक्रिया नीट झाली होती. बायको शुद्धीवर यायची होती. मेव्हणीच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. त्यात मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्या होत्या. आत नेण्याआधी नर्सने त्या काढायला लावल्या होत्या. तिने मुलीला जवळ घेतले. "अगं, आई झोपलीय. उद्या भेटेल."

मुलीने तिच्या हातातली पुरचुंडी पाहिली. आजीच्या बांगड्या काढल्या तेव्हा ती घरात होती. तिने मावशीला दोन्ही हातांनी ढकलले.

"तुम्ही सगळे खोटं बोलता. बाबा तर रोज बोलतात."

लॉजच्या व्यवस्थापकाने त्या संध्याकाळी वर येऊन विचारले की मुलीची आई कुठे आहे. मी सांगितले. त्याने मुलीलाही विचारले. ती म्हणाली, "मेली." व्यवस्थापक माझ्याकडे बघत दारातच उभा राहिला. मी रुग्णालयाचा क्रमांक दिला. त्याने खाली जाऊन फोन केला आणि खात्री करून घेतली. त्याला खात्री पटली. वर येऊन तो मुलीला म्हणाला, "आहे गं तुझी आई. मी फोन केला होता." ती म्हणाली, "तुम्ही पाहिली?"

त्याने पाहिली नव्हती.

गुरुवारी बायको बोलू लागली. मेव्हणीने नर्सच्या टेबलावरचा फोन मिळवला. मी मुलीला एसटीडी बूथमध्ये नेऊन रिसीव्हर तिच्या कानाला लावला. तिने सगळे ऐकून घेतले.

"ही मावशी आहे," ती म्हणाली आणि रिसीव्हर मला दिला.

दोघी बहिणींचे आवाज सारखे आहेत, हे खरे होते. बूथवाला म्हणाला, "साहेब, आटपा. लाइन आहे मागं."

उरलेला दिवस घालवायला मी तिला बसने पांडवलेण्याला नेले. ती पहिल्या पायरीवर बसली आणि वर यायला तयार झाली नाही. उसाचा रस घेतला नाही. केळे अर्धे खाल्ले. येणाऱ्याजाणाऱ्या बायका आमच्याकडे पाहत. एकीने मुलीला विचारले, "हे तुझे कोण गं?" मुलगी म्हणाली, "बाबा." पण माझ्याकडे न पाहता म्हणाली. त्यामुळे त्या बाई बस येईपर्यंत आमच्या शेजारी उभ्या राहिल्या.

शुक्रवारी दुपारी मेव्हणीने निरोप दिला की वॉर्डची एक खिडकी मागच्या गल्लीत उघडते आणि बायको आधाराने उभी राहू शकते. मी मुलीला त्या गल्लीत नेले. गल्लीत गटार उघडे होते आणि एका घराच्या मोरीचे पाणी वाहत होते. पहिल्या मजल्यावर, जाळीमागे, बायको आली. रुग्णालयाचा फिकट झगा, केस मोकळे, एका हातात सलाइनची नळी.

मुलगी मान वर करून पाहत राहिली.

"टिकली नाही," ती मला म्हणाली.

मी वर ओरडून टिकली लावायला सांगितले. शेजारच्या खिडकीतून नर्स ओरडली, "ए, ही काय भाजी मंडई आहे? पेशंट आहेत इथं!" घरातला माणूस मोरीतून बाहेर आला आणि आम्हाला गल्ली सोडायला सांगू लागला. त्याच्या मते आम्ही रोज इथे येऊन ओरडत होतो. मी त्याला सांगत होतो की आम्ही आजच आलो आहोत. मेव्हणीने आपल्या कपाळावरची टिकली काढून बायकोला लावली. वाकडी लागली.



बायकोने जाळीला कपाळ टेकले. तिला जोरात बोलता येत नव्हते. "या कसल्या वेण्या घातल्यात गं? कोणी घातल्या?"

"बाबांनी."

"फणी कुठंय? एवढ्या गाठी झाल्यात, आता कापाव्या लागतील. आणि फ्रॉक उलटा घातलाय. दोन दिवस मी नाही तर ही दशा. नाक पूस आधी."

मुलीने बाहीला नाक पुसले.

"बाहीला नाही!"

मुलीने बाही खाली सोडली. ती एक पाऊल पुढे झाली, गटाराच्या कडेपर्यंत. मी तिचा खांदा धरायला हात पुढे केला. तिने खांदा काढून घेतला.

चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली. मेव्हणी खाली मुलीजवळ थांबली आणि मी वर गेलो. बायकोला खाटेवर बसवून मी खिडकीतून खाली पाहिले. मुलगी मावशीचा हात सोडून तिथेच उभी होती. मी हात केला. तिने केला नाही. बायको उठून खिडकीशी आली तेव्हा मुलीने हात केला.