आकड्याची तार

"आकडा टाकून दिवे लावता, तुम्हाला करंटचा हिशोब कशाला लागतो?" सर म्हणाले. अख्खा वर्ग हसला.

लातूरच्या क्लासात मी फळ्यापाशी उभी होते. मुखेडकडची, फुकटच्या बॅचमधली. बारा व्होल्टची बॅटरी, सहा आणि तीन ओहमचे दोन दिवे समांतर जोडलेले. मी बेरीज करून नऊ लिहिलं. का, म्हणून सरांनी विचारलं. शेजारी दिवा लावला की आमचा मंद होतो, म्हणजे रेझिस्टन्स वाढतो, असं मी सांगितलं. घरचा मीटर कितीचा, त्यांनी विचारलं. मीटर नाही, मी म्हणाले. मग कुठली वस्ती, तेही विचारलं. तेही सांगितलं. त्यावर त्यांनी तो आकड्याचा टोमणा मारला.

मी जागेवर जाऊन बसले. बापानं निघताना बजावलं होतं, "एक तक्रार आली की परत यायचं, बाई." परत म्हणजे लग्न. सरांच्या एका फोनवर माझं सगळं शिक्षण होतं. मला लई भीती वाटत होती.

सरांनी गणित सोडवलं. दोन ओहम, सहा अँपिअर. बरोबरच होतं. मग आमचा दिवा मंद का होतो? विजेचे खांब गावात आले आणि आमच्या वस्तीच्या अलीकडंच थांबले. तिथून घरापर्यंत आमची तार, बारीक, जागोजाग जोडलेली. ती तार गणितात कुणी धरलीच नव्हती. मी धरली. तिचे दोन ओहम. एकटा सहाचा दिवा असला तर त्याला नऊ व्होल्ट मिळतात. शेजारचा तीनचा लागला की दोघांना सहा-सहाच.

मी उठले. न विचारता फळ्यापाशी गेले, आकृतीत आमची तार आखली, आकडे मांडले.

"पूस ते. खाली बस," सर म्हणाले.

"न्हाई पुसणार, सर. नऊ चुकलं माझं. पण आमचा दिवा मंद होतो, ते बी खरं हाय. खांब आमच्यापर्यंत येऊ दिला न्हाई, म्हणून आकडा हाय."

कुणी हसलं नाही. सरांनी मोबाईल उचलला.

फोन बापाला गेला की नाही, ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही. त्या भीतीतच मी ठरवलं. घरी नेलं तर मुखेडात बसून शिकेन. लग्नाला उभी राहणार नाही. आणि वस्ती कुठली म्हणून पुन्हा कुणी विचारलं, तर आधी त्यालाच विचारेन, खांब कुणी अडवला.