माफीच्या सभेतला माइक

आमच्या गल्लीत त्यांना सगळे भोंगेकाका म्हणतात. सभा असो, लग्न असो की दुकानाचं उद्घाटन, लाउडस्पीकर त्यांचाच. माणूस मात्र अबोल. पत्नी लवकर गेली, मुलगा आणि सून एवढंच घर.

मुलगा औषधाच्या दुकानात कामाला होता. एका संध्याकाळी घरी येताना पादचारी पूल कोसळला आणि तो गेला. त्याच्याबरोबर आणखीही काही जण गेले. पुलाचं काम आमच्या आमदारसाहेबांनी स्वतःच्या मेहुण्याला दिलं होतं, असा आरोप झाला. साहेब आत गेले, जामिनावर बाहेर आले. खटल्याला तारखा पडत राहिल्या आणि निवडणूक जवळ आली. तेव्हा साहेबांनी जाहीर केलं, की भर चौकात, सगळ्यांसमोर लोकांची माफी मागणार.

त्यांचा कार्यकर्ता काकांकडे आला, तेव्हा मी समोरच्या पायरीवर पेपर वाचत बसलो होतो.

"काका, साउंड तुमचाच. आणि तुम्ही गेलेल्यांच्या घरचे, म्हणून पहिली रांगही तुमची."

"एका वेळी दोन्हीकडे कसा बसू?"

"मशीनपाशीच बसा हो. घरच्यांमध्ये माइक फिरवायचाय, तो तुम्हीच फिरवा. शेवटी आपण दोन शब्द बोला. 'माफ केलं' एवढं म्हटलंत तरी पुरे. साहेब रोज रडतात, काका."

"मग त्यांना इकडे पाठवा," सून आतून म्हणाली. "नळाला पाणी नाही. बादली लावते खाली."

कार्यकर्ता हसला आणि लगेच गप्प झाला.

तो गेल्यावर ती दारात आली. मी बसलोय हे बघूनही थांबली नाही.

"बाबा, काम घ्या. पोटाचा प्रश्न आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो शब्द तुमच्या तोंडून निघाला, तर मी माहेरी जाईन. परत यायची नाही."

काकांनी मान डोलावली.

सभेला चौक भरला होता. प्रत्येक गल्लीत ऐकू जावं म्हणून काकांनी खांबाखांबावर भोंगे बांधले होते. साहेब बोलले, रडले, हात जोडले. मग काका माइक घेऊन रांगेतून फिरू लागले. एक म्हातारी म्हणाली, "वरचा बघेल." टाळ्या. कुणाचा तरी भाऊ म्हणाला, "काय बोलू?" त्यालाही टाळ्या. रांग मशीनपाशी येऊन संपली. उरले काका. माइक त्यांच्याच हातात.

त्यांनी तो तोंडाजवळ नेला. जाळीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "हॅलो. हॅलो, चेक. आवाज येतोय का?"

जन्मभर माइक हातात धरला, पण त्यात ते एवढंच बोलत आले होते.

"येतोय!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला, पाठोपाठ टाळ्या. साहेब खाली उतरले आणि त्यांनी काकांना मिठी मारली. माइक दोघांच्या मध्ये आला आणि कर्कश शिट्टी वाजली. काकांनी मिठीतूनच हात लांब करून मशीनवरचा आवाज कमी केला. कार्यकर्त्याने माइक काढून घेतला आणि जाहीर केलं, "काकांनी मोठ्या मनाने माफ केलं!"

काकांनी वायरी गुंडाळल्या. ओझं जास्त होतं, म्हणून स्टँड मी घेतला. सून दारातच उभी होती.

"मी म्हटलं नाही," काका म्हणाले.

"ऐकलं मी. भोंगा आपल्याच खांबावर आहे."

"ते त्याने परस्पर जाहीर केलं."

"तेही ऐकलं." तिने त्यांच्या खांद्यावरची वायर उतरवून घेतली. "पण बाबा, 'नाही' म्हणायला काय झालं होतं? माइक तर तुमच्याच हातात होता."

काका बराच वेळ चपला काढत राहिले.

"सुचलंच नाही गं."

ती माहेरी गेली नाही. तिने तो एकच शब्द बोलू नका म्हणून सांगितलं होतं, आणि तो निघाला नव्हता. साहेब चांगल्या मतांनी निवडून आले. पेपरात मिठीचा फोटो आला होता. काकांनी त्यावर वायरी जोडायच्या सामानाचा डबा ठेवला. मुद्दाम नाही. जो कागद हाताशी आला, तो पसरला.

खटल्याची तारीख असली की सून एकटीच जाते. संध्याकाळी परतली की काका विचारतात, "काय झालं?"

"पुढची तारीख."

मग ती दोन ताटं मांडते आणि दोघं जेवायला बसतात.