डाव्या पायावर मारलेला शेरा

"डावा पाय कुठं ठेवता तुम्ही?" मी विचारलं.

आम्ही स्पाईन रोडला टेस्ट ड्राइव्हवर होतो. गाडी तिचे मालक चालवत होते. मी शेजारी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. नुकतंच एका स्पीडब्रेकरनंतर गाडीने दणका दिला होता. आधी ओढच गेली, इंजिन नुसतं ओरडलं, आणि मग गाडी एकदम पुढे झेपावली.

"इथंच, कडेला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "डावा पाय खोटा आहे साहेब. गुडघ्याखालून. म्हणून तर ऑटोमॅटिक घेतली."

संजय वाघमोडे. वय चाळीसच्या आसपास, मूळचे बीडकडचे. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होते, तिथंच पाय गेला. कंपनीने नंतर स्टोअरला घेतलं. घर पिंपळे गुरवला. रोज एवढ्या लांब जायचं तर बसची पायरी चढणं त्यांना नको व्हायचं. गाडी घेतल्यापासून ते कुणाला न सांगता, कुणाचा हात न धरता कामावर जात होते.

मी चिंचवडच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये डायग्नोस्टिक टेक्निशियन आहे. गाडीला काय झालंय ते शोधून काढणं हे माझं काम. बावीस वर्षं करतोय. ऑटोमॅटिक गाड्या आल्या तेव्हा ट्रेनिंगला मला पाठवलं, त्यामुळे वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स म्हटलं की माझंच नाव निघतं.

ही गाडी एएमटी होती. तिच्यात गिअरबॉक्स साधाच असतो. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी एक यंत्र करतं, आणि त्या यंत्राला एक छोटा कॉम्प्युटर हुकूम देतो. हळू चालत्या गाडीत ब्रेक दाबला की तो कॉम्प्युटर क्लच सोडवतो, म्हणजे इंजिनचा आणि चाकांचा संबंध तोडतो. ब्रेक सोडला की परत जोडतो. ब्रेक दाबलाय हे त्याला कळतं कसं? ब्रेक पेडलच्या वर बोटाच्या पेराएवढा एक स्विच असतो, तो सांगतो.

दणका बसला त्या क्षणी माझ्या स्क्रीनवर दोन आकडे एकत्र दिसले होते. ॲक्सिलरेटर दाबलेला, आणि ब्रेक ऑन. उजवा पाय एकच. मग ब्रेकवर कोण?

मला उत्तर मिळालं. खरं सांगायचं तर मी खूश झालो.

"तुमचा तो पाय ब्रेकला लागतोय," मी म्हणालो.

"न्हाई हो साहेब. मी लांब ठेवतो."

"तुम्हाला कळणार कसं? त्या पायाला स्पर्श आहे का?"

"ते बी खरंच," ते म्हणाले.

या सगळ्यात मी एकदाही खाली वाकून त्यांच्या पायाकडे बघितलं नाही. माझी नजर स्क्रीनवर होती. वर्कशॉपला आल्यावर जॉब कार्डावर शेरा मारला: गाडीत दोष नाही. चालकाचा डावा पाय ब्रेक पेडलला लागतो. समज दिली. चहाच्या वेळी हा किस्सा मी दोघाचौघांना रंगवून सांगितला. कुणीतरी म्हणालं, भारी पकडलंस राव.

तीन आठवड्यांनी गाडी परत आली. या वेळी वाघमोडे शेजारच्या सीटवर होते आणि गाडी त्यांच्या बायकोने चालवत आणली होती. सुनंदाताई. रिसेप्शनला न थांबता थेट बे मध्ये, गाड्या दुरुस्तीला लावतो तिथं आल्या.

"ते गिअरबॉक्सवाले साहेब कोण?"

"मीच. बोला ताई."

"तुम्ही यांना सांगितलंत, तुमचा पाय ब्रेक दाबतोय म्हणून. यांनी दुसऱ्या दिवसापासून पाय टॉवेलनं सीटच्या खालच्या दांडीला बांधून गाडी चालवली. माहितीय?"

मला माहीत नव्हतं. वाघमोडे गाडीतच बसून होते, समोर बघत.

पुढचं सुनंदाताईंनी उभ्या उभ्या सांगितलं. पाय बांधूनही गाडी दणके देतच राहिली. आठवड्याने कंपनीच्या गेटवर अशीच झेपावली आणि बॅरियरला धडकली. कुणाला लागलं नाही. पण सेफ्टीवाल्यांनी गॅरेजचा कागद मागितला. वाघमोड्यांनी सरळ मनाने माझं जॉब कार्ड नेऊन दिलं. त्यावर माझा शेरा होता. त्यांचा गाडी आत न्यायचा पास गेला. गेटपासून स्टोअर पाऊण किलोमीटर. खोट्या पायाने तेवढं चालून गुडघ्याखाली फोड आले होते.

"मग काल मी म्हटलं, मी स्कूटीवर मागून येते, तुम्ही चालवा," सुनंदाताई म्हणाल्या. "यांनी पाय काढून मागच्या सीटवर ठेवला. बुटासकट. मला मागच्या काचेतून दिसत होता. आणि गाडी पळतीय, पुढं मोकळा रस्ता, तरी मागचे लाल दिवे आपोआप लागतायत, इझतायत. आता सांगा, ब्रेक कुणी दाबला?"

बे मधली माणसं हातातलं काम सोडून ऐकत होती. त्यात चहाला किस्सा ऐकलेलेही होते.

मी ड्रायव्हरच्या बाजूला गेलो, खाली पाठीवर पडलो आणि पेडलच्या वर हात घातला. स्विचला बोट लावलं तर तो हलला. त्याला जागेवर धरणारा प्लॅस्टिकचा लॉक तुटला होता. गाडी आदळली की स्विच जागचा सरकायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचा, ब्रेक दाबलाय. स्क्रीन खोटं बोलली नव्हती. तिने स्विच ऑन आहे एवढंच सांगितलं होतं. पाय तिने दाखवला नव्हता, तो मी लावला होता.

नवा स्विच बसवायला वीस मिनिटं लागली. हात घातला असता तर पहिल्या दिवशीही तेवढीच लागली असती. साधी पद्धत आहे, ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवतात: आधी तार, स्विच, फ्यूज, आणि माणूस सगळ्यात शेवटी. दोन पायांचा माणूस असता तर मी तीच पद्धत वापरली असती, हे मला पेडलखाली पडल्या पडल्या कळलं.

वाघमोड्यांनी एकच गोष्ट मागितली. "साहेब, पायाचा दोष नव्हता, एवढं लिहून द्या. कंपनीत दाखवायचंय."

मी बोराटे साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते आमचे वर्क्स मॅनेजर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माफी माग, तोंडी. लेखी काही नको. आपल्या चुकीमुळे गाडी धडकली असं होईल ते."

"पण साहेब, झालंय तसंच."

"म्हणूनच नको."

मी मान डोलावली आणि बाहेर आलो. कार्डावर लिहिलं: ब्रेक स्विच बदलला. टेस्ट ड्राइव्ह ओके. वाघमोड्यांनी ते वाचलं, उलटून मागची बाजूही बघितली.

"आधीच्या कार्डावर माझा पाय होता," ते शांतपणे म्हणाले. "आता यावर तो कुठं गेला?"

"सिस्टिममध्ये असंच लिहावं लागतं भाऊ," मी म्हणालो.

सुनंदाताई काहीतरी बोलणार होत्या. वाघमोड्यांनी त्यांना हातानेच थांबवलं, सही केली आणि दोघं गाडी घेऊन गेले. मी तोंडी माफीही मागितली नव्हती. ते फाटकाबाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं.

चार दिवस मी तसेच काढले. वर्कशॉपमध्ये कुणी काही बोललं नाही, पण तो किस्साही परत कुणी काढला नाही. पाचव्या दिवशी सुट्टी टाकली. साध्या कागदावर मराठीत लिहिलं की दोष स्विचचा होता, तपासणी न करता चालकाच्या पायावर शेरा मारला ही माझी चूक आहे. खाली नाव लिहून सही केली आणि बाइकवर चाकणला गेलो.

गेटवर वाघमोड्यांना निरोप पाठवला. पाऊण किलोमीटर चालत येतील या विचाराने मला कसंतरी झालं. ते गाडीतून आले.

"पास मिळाला?"

"कालच. सेफ्टीचे साहेब स्वतः शेजारी बसले. म्हणाले चालवा, मी बघतो. चार चकरा मारल्या. खाली वाकून बघत होते सारखे."

दहा मिनिटांचं काम. त्या माणसाला गिअरबॉक्समधलं काही कळत नसेल. मी खिशातला कागद काढून दिला आणि माफी मागितली. काय शब्द वापरले आठवत नाहीत, धड वाक्य झालं नसावं. त्यांनी कागद सावकाश वाचला आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवला.

"राग न्हाई साहेब," ते म्हणाले. "पण एक सांगतो. पाय गेल्यावर डॉक्टर रोज सांगायचे, पाय नाही हे मनाला पटवा. लई दिवस लागले पटवायला. मग तुम्ही सांगितलं की तोच पाय ब्रेक दाबतोय. आणि मला ते पटलं हो. मी टॉवेल बांधायचो तेव्हा मला पक्कं वाटायचं, दाबतोय हा."

मागे मालाचा ट्रक हॉर्न देत होता. ते गाडी वळवून आत गेले.

बोराटे साहेबांना कागदाचं मी स्वतःच सांगितलं. त्यांनी मला लेखी मेमो दिला. लेखी द्यायला त्या वेळी त्यांची काही हरकत नव्हती.

वाघमोड्यांची गाडी आता आमच्याकडे सर्व्हिसिंगला येत नाही. कुठं जाते ते मी विचारलेलं नाही. माझ्या कामात फरक एवढाच पडला की कार्डावरच्या शेऱ्याच्या रकान्यात मी माझ्या हाताला लागलेलं तेवढंच लिहितो. हाताला काही लागलं नाही तर लिहितो, दोष सापडला नाही. बोराटे साहेबांना हे वाक्य आवडत नाही. गिऱ्हाइकांनाही आवडत नाही. पण त्याच्यामुळे अजून कुणी स्वतःचा पाय बांधून गाडी चालवलेली नाही.