साडूंचं विलायती ठेसन

आमच्या साडूंइतका डोकं उठवणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडणार नाही. लोक परदेशाहून चॉकलेटं आणतात, फार तर सर्दी आणतात. साडूंनी एक अख्खं रेल्वे स्टेशन आणलं. डोक्यात.

त्यांची एकुलती एक मुलगी इंग्लंडात नर्स आहे. तिच्या बाळंतपणाला दोघं नवराबायको गेली. बायकोने बाळाला न्हाऊमाखू घातलं आणि साडू जाऊन बसले ती राहते त्या खेड्यातल्या स्टेशनात. आडबाजूची एकेरी लाइन, दोन डब्यांची गाडी, एक बाकडं आणि जिकडे तिकडे फुलांच्या कुंड्या. गावातली रिटायर्ड मंडळी हौसेने त्या कुंड्या सांभाळायची. साडूंना भाषेचा गंध नाही, पण झारी हातात आल्यावर बोलायचं काय! बाळंतपणाची रजा संपल्यावर संध्याकाळी मुलगी कामावरून त्याच गाडीने यायची, मग बापलेक घरी चालत जायची.

परत आपल्या गावी, वैशाखऱ्याला आले, तर इथे रेल्वेचं नाव नाही. मग त्यांनी फाट्यावरची एस.टी.ची शेड धरली. हिरवा रंग दिला, बाकडं ठोकलं, कुंड्या मांडल्या. शेळ्यांनी दोनदा बाग फस्त केली, तेव्हापासून काठी घेऊन राखण सुरू. कंडक्टरने "मुरबाड, मुरबाड!" म्हणून हाळी दिली की हे पुढे होत. "मास्तर, तिकडं कोन वरडत नाय हो!"

"मंग तिकडंच ऱ्हायाचा ना, काका," म्हणत तो डबल बेल मारी.

मी तर घरचा पाहुणा. डोक्यावर ऊन, हातात आंब्यांची करंडी, पोटात कावळे. पण प्रत्येक कुंडीची चौकशी केल्याशिवाय मला घराकडे सोडत नसत. मेव्हणी चुलीपुढून कडाडायची, "दारची तुळस सुकली तरी चालंल, पन यांच्या ठेसनाला पानी पायजे!"

यंदा भात झोडून झाल्यावर मुलगी येणार असं ठरलं. साडूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. "तिला सांगितलाय, फाट्यावर उतर. तिथून चालत जाऊ." सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून ते शेडमध्ये उभे. मी चहासाठी तळमळतोय, आणि हे मला झेंडूची वाळलेली पानं खुडायला लावतायत.

दुपारी विमानतळावरून भाड्याची गाडी आली. काचा बंद. साडूंनी हात वर केला. आत मुलगी मांडीवरच्या झोपलेल्या लेकराकडे बघत होती. गाडी तशीच पुढे गेली आणि गावाच्या रस्त्याला वळली.

हात खाली यायला जरा वेळ लागला.

"वळखला नसंल," साडू म्हणाले. "फाटा लय बदललाय ना आता, भाऊ."

"बदललाय तर! अगदी विलायती दिसतो," मी म्हणालो. इतक्या दिवसांत त्यांच्या ठेसनाला मी पहिल्यांदाच बरं म्हटलं होतं. मग आम्ही दोघे घराकडे चालू लागलो. साडू पुढे, भराभर.